तारे ‘ग्लिसन’ का होत नाहीत?

गोव्यातल्या साखळीहून एका ताईंनी विचारलं आहे. काकांनी जुन्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि माहितीपत्रकाचा इंग्रजी मजकूर लिहायचं काम यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी तीन वाक्यं लिहिली: ‘द स्टार्स ग्लिसन ओव्हर द मांडवी’, ‘अवर फिश करी ग्लिटर्स विथ कोकोनट ऑइल’ आणि ‘द रेन ग्लिसन्स द ओल्ड स्टोन स्टेप्स’. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने तिन्हींवर लाल रेघ मारली, कारण मात्र सांगितलं नाही. शब्दकोश उघडावा तर ग्लिसन (glisten) म्हणजे चमकणे, ग्लिटर म्हणजे चमकणे आणि ट्विंकल म्हणजेही चमकणे. मग चूक कुठे झाली, आणि ग्लिसनला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

मी अनुवाद करते, आणि गोव्यात राहून अनुवाद करायचा म्हणजे हॉटेलांची, होमस्टेंची माहितीपत्रकं तपासणं ओघाने आलंच. या तीन चुका माझ्या टेबलावर वर्षभर येत असतात, तेव्हा ताई, तुम्ही एकट्या नाही. मुळात अडचण तुमच्या इंग्रजीची नाहीच. शब्दकोशाने सात-आठ वेगळ्या क्रियापदांपुढे एकच ‘चमकणे’ लिहून ठेवलंय, आणि ती क्रियापदं एकमेकांच्या जागी चालतात असा आपला समज होतो. ती चालत नाहीत. इंग्रजी वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दाबरोबर वेगळी वस्तू दिसते.

ग्लिसनबरोबर दिसते ती ओली वस्तू. पाण्याने, घामाने, तेलाने, दवाने किंवा लाळेने ओला झालेला पृष्ठभाग आणि त्यावर पडलेला दुसऱ्या कशाचा तरी उजेड. हा उजेड त्या वस्तूचा स्वतःचा नसतो, बाहेरून येऊन परततो. हे दोन मुद्दे, ओलावा आणि परतलेला उजेड, डोक्यात ठेवले की निम्म्याहून जास्त वाक्यं आपोआप सुधारतात.

ओलावाच का, हे आपल्याकडच्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, फार छान दिसतं. मे महिन्यात चिऱ्याची भिंत बघा. तांबडी, खडबडीत, छिद्राछिद्रांची. तिच्यावर पडलेलं ऊन त्या खडबडीमुळे वाटेल त्या दिशेला विखुरतं, म्हणून ती कोणत्याही कोनातून बघितली तरी सारखीच मंद दिसते. जून उजाडला, पहिली सर पडली, की त्याच भिंतीवर पाण्याचा पातळ पापुद्रा चढतो. पापुद्र्याचा वरचा भाग गुळगुळीत असतो, त्यामुळे उजेड बराचसा एकाच दिशेने परततो आणि भिंत काळपट होऊनही चमकते. गडद झालेला आणि तरीही चमकणारा दगड: ग्लिसनचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही. रात्रीचा ओला डांबरी रस्ता, आंघोळीहून आलेल्या बैलाची पाठ, कुळागरात पावसानंतर सुपारीची झावळी, बाजारातल्या टोपलीतला नुकता उतरवलेला बांगडा, सगळे याच जातीचे. बांगड्याचं तर असं, की त्याची चांदी मुळात कातडीतल्या ग्वानिनच्या बारीक स्फटिकांची असते. ती मासा शिळा झाला तरी थोडीफार राहते. जाते ती वरची ओली चकाकी. मासळी घेणारं माणूस बघतं ते हेच, आणि इंग्रजीत ताज्या मासळीला ग्लिसनिंग म्हणतात तेही यासाठीच.

आता तुमचे तारे. तारा कोरडाच म्हणायचा, पृष्ठभाग दिसावा इतका जवळही नाही, आणि उजेड त्याचा स्वतःचा. म्हणजे ग्लिसनच्या दोन्ही अटी एकदमच मोडल्या. तारा दिसतो तो एका बिंदूसारखा. त्याचा उजेड आपल्यापर्यंत येताना हवेच्या थंड-गरम, सतत हलणाऱ्या थरांतून क्षणाक्षणाला किंचित वाकतो, म्हणून तो कमी-जास्त होताना दिसतो. ट्विंकल म्हणजे हे कमी-जास्त होणं. गुरू किंवा शुक्र आकाशात असेल तर बघा, तो बहुधा ठाम दिसतो, कारण ग्रह जवळ असल्याने त्याची बारीक का होईना तबकडी असते आणि तिच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे चढउतार एकमेकांना झाकून टाकतात. सांगायचं कारण, ‘द प्लॅनेट्स ट्विंकल’ लिहिलंत तर एखादा आकाशनिरीक्षक पाहुणा तेवढ्यावरच पत्र लिहील. म्हणजे शिक्षिकेची लाल रेघ बरोबर, तिथे ट्विंकल हवं. फक्त घर साखळीत असताना मांडवी कशाला? तुमच्याकडे वाळवंटी नदी आहे, तीच लिहा, नाहीतर पाहुणा गॅलरीत उभा राहून मांडवी शोधत बसेल.

ओलं असूनही ग्लिसन चालत नाही, अशीही एक जागा आहे. अरबी समुद्रात काही रात्री लाट फुटताना निळा उजेड उमटतो. त्यामागे बऱ्याचदा नॉक्टिल्युका सिंटिलान्स नावाचा एकपेशी जीव असतो, पाणी ढवळलं गेलं की तो स्वतःच उजेड टाकतो. तिथे सगळंच ओलं, पण उजेड बाहेरून आलेला नाही. म्हणून तिथे ‘ग्लो’ म्हणतात, किंवा क्षणिक ठिणग्यांसारखं वाटलं तर ‘स्पार्कल’. त्या जीवाचं चालू इंग्रजी नावही ‘सी स्पार्कल’ असंच आहे. सिंटिलान्स हा लॅटिन शब्दही ठिणगीवरूनच आलेला. ताऱ्यांच्या ट्विंकलला शास्त्रज्ञ सिंटिलेशन म्हणतात ते त्याच कुळातलं. पण बोलण्यात ‘सिंटिलेटिंग’ आता गप्पांना, भाषणाला, बॅटिंगला लावतात. माहितीपत्रकात चांदण्याला लावलात तर कोणीतरी शब्दकोश चाळून लिहिलंय हे लगेच कळतं.

करीकडे वळू. इथे गंमत अशी, की ग्लिसन जिथे हवा होता तिथे तुम्ही तो काढून ग्लिटर घातलात. ग्लिटर म्हणजे खूप सारे कोरडे, टोकदार, वेगवेगळे ठिपके. आगरवाड्याच्या मिठागरात उन्हाच्या वेळी चालत गेलात तर मीठ ग्लिटर होताना दिसेल. मिठाचा स्फटिक चौकोनी, त्याच्या सपाट बाजू आरशासारख्या. आपण एक पाऊल पुढे टाकलं की काही ठिपके विझतात, दुसरे पेटतात. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाला, कोणी बेगड लावलं तर ते ग्लिटर होतं, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या मुकुटाची चमकीही. स्टेशनरीच्या दुकानात बाटलीत मिळते त्या चमकीचं इंग्रजी नावच ग्लिटर. आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. परदेशी पाहुण्याला माशाच्या कढीत कुणीतरी चमकी सांडल्यासारखं वाटणार. वर तेल सुटलेली कढी ग्लिसनच होते. खरं सांगायचं तर मी तिथे चमकच काढून टाकेन. कढी खाणाऱ्याला तिचा वास आणि रंग सांगा, तेलाची आठवण करून दिली की अर्धे लोक घाबरतात.

ग्लिटरला आणखी एक बाजू आहे, ती गोव्यात लिहिणाऱ्याने विसरू नये. त्यात दिखाऊपणाची शंका असते. रात्री पणजीच्या धक्क्यासमोर मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींना ग्लिटरिंग म्हटलं तर वाचणाऱ्याला झगमगाट तर दिसतोच, शिवाय ‘यात खरं किती’ अशी एक कुजबुजही ऐकू येते. स्तुती करायची असेल तर हा शब्द तोलून वापरावा.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी सांगितलेल्या हद्दी आजच्या साध्या गद्याच्या आहेत. कवितेत आणि जुन्या लिखाणात त्या पाळलेल्या दिसणार नाहीत. इंग्रजी लेखक बर्फाला, सोन्याला, दागिन्यांनाही ग्लिसन म्हणतात आणि शब्दकोश त्यांना चूक ठरवत नाहीत. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, या अर्थाच्या शेक्सपिअरच्या ओळीत मुळात ग्लिटर नाहीच, ‘ग्लिस्टर’ आहे, ग्लिसनचं सख्खं भावंड. लोकांनी बोलता बोलता त्याचं ग्लिटर करून टाकलं. म्हणजे शब्द सरकतात. पण ज्याला शब्द सरकवायचे आहेत त्याला आधी ते मूळ कुठे बसलेत हे ठाऊक असावं लागतं. तुमचं माहितीपत्रक कविता नाही. तिथे शब्द आपल्या रोजच्या जागी असलेला बरा.

तिसऱ्या वाक्यात शब्द योग्य आहे, व्याकरण बिघडलंय. पावसात ओल्या झालेल्या पायऱ्या ग्लिसन होतात, हे अगदी बरोबर. पण ‘पाऊस पायऱ्यांना ग्लिसन करतो’ असं इंग्रजीत होत नाही, हे क्रियापद अकर्मक आहे. आपली चूक होते ती मराठीच्या सवयीने. आपल्याकडे चमकणे आणि चमकवणे अशी जोडी सहज तयार होते, प्रयोजक रूप लावलं की काम झालं. इंग्रजीत त्यासाठी वेगळी मदत घ्यावी लागते: ‘द रेन मेक्स द स्टेप्स ग्लिसन’. किंवा त्याहून सरळ, ‘द स्टेप्स ग्लिसन आफ्टर द रेन’. ग्लिसनच्या मागे ‘विथ’ आला की ओलावा कशाचा ते कळतं: ‘हिज फोरहेड ग्लिसन्ड विथ स्वेट’. हेच उलटंही फिरवता येतं: ‘स्वेट ग्लिसन्ड ऑन हिज फोरहेड’. पहिल्यात सगळं कपाळ ओलं झाल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात थेंब दिसतात. थोडासाच फरक आहे, पण गोष्ट लिहिताना तो उपयोगी पडतो.

बाकीची मंडळी पटकन सांगते. शिमर म्हणजे थरथरणारी, मऊ चमक. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटीत दिव्यांच्या नावा सोडतात तेव्हा पाण्यातली त्यांची प्रतिबिंबं हलतात, ती शिमर. दुपारी तापलेल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, हवा लाटांसारखी दिसते, तीही शिमरच. ग्लीम म्हणजे स्थिर, घासून पुसून आणलेली चमक, चिंचेने उजळलेली पितळी समई. तीच समई पेटवली की ज्योतीचा उजेड ग्लो होतो. ग्लिंट म्हणजे एकदाच, निमिषभर, धातूवरून किंवा काचेवरून, आणि बहुतेक वेळा थोडा धोका घेऊन. विळीचं पातं वळताना दिसतं ते ग्लिंट. स्पार्कलला मी सगळ्यांत खुशमिजाज शब्द मानते. उजेड स्वतःचा असो की परतलेला, त्याला चालतं, आणि तो बुडबुड्यांनाही लागतो. म्हणून माहितीपत्रकात ‘स्पार्कलिंग वॉटर’ लिहिताना सांभाळा. तुम्हाला विहिरीचं नितळ पाणी म्हणायचं असेल, पाहुणा सोड्याची बाटली मागेल. आगशीच्या वांग्यासारखी कोरडी, तुकतुकीत वस्तू असेल तर यातलं काहीच नको, ‘ग्लॉसी’ म्हणा.

हे सगळे शब्द पारखायला मी शिकाऊ अनुवादकांना डोळ्यांवर लावून बघायला सांगते. डोळे ट्विंकल झाले तर माणूस मिश्किल आहे, काहीतरी खोडी मनात आहे. स्पार्कल झाले तर आनंद किंवा उत्साह. ग्लीम दिसला तर त्याला काहीतरी हवंय, बेत शिजतोय. मराठीत आपण डोळे लकाकले म्हणतो तेव्हा बरंचसं हेच असतं. ग्लिटर झाले तर जरा दूर राहिलेलं बरं: ताप, राग, हाव, काहीही असू शकतं, पण मायेचं नसतं. आणि ग्लिसन झाले तर त्यात पाणी आहे. रडू अजून फुटलेलं नाही, पण आलेलं आहे. पाच क्रियापदं, एकच डोळे, आणि पाच वेगळी माणसं. शब्दकोशातल्या एका ‘चमकणे’ने हे कसं निभणार?

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: उजेड कोणाचा, पृष्ठभाग ओला की कोरडा, चमक एकच की अनेक ठिपक्यांची, स्थिर की हलती. हे चार प्रश्न विचारले की इंग्रजी शब्द सापडतो. आता उरला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ग्लिसन मराठीत कसा आणायचा. माझ्या मते हा भाग जास्त अवघड आहे.

मराठीला चमकेचे शब्द कमी नाहीत. लखलखणे, लुकलुकणे, झगमगणे, झळाळणे, चकाकणे, चमचमणे, तळपणे, मिणमिणणे, आणि त्यांच्या मागे त्यांचे भाऊबंद. इंग्रजीत ग्लिसन, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट, ग्लो सगळे ‘ग्ल’ने सुरू होतात. असे एकाच आवाजाचे आणि जवळच्या अर्थाचे गट असतात हे जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये दाखवून त्यांना फोनेस्थीम असं नाव दिलं. आपल्याकडे तेच काम ‘ल’, ‘च’ आणि ‘झ’ करतात, शिवाय आपण आवाज दोनदा म्हणतो. लुकलुक म्हटलं की उजेड विझतो आणि पेटतो, पावसाच्या तोंडावर झाडावर भरलेले काजवे दिसतात. लखलख म्हटलं की वीज किंवा दागिना. मराठी शब्द आधी चमकेचा ठेका आणि जोर सांगतो. वस्तू ओली होती की कोरडी, हे तो बहुतेक वेळा सांगत नाही. म्हणून ट्विंकलला लुकलुकणे मिळतं, ग्लिटरला चमचमणे किंवा झगमगणे, ग्लीमला चकाकणे, ग्लिमरला मिणमिणणे. एकट्या ग्लिसनला जोडीदार मिळत नाही.

मग काय करायचं? मराठी माणूस अशा वेळी काय म्हणतो ते ऐकायचं. ‘हर आइज ग्लिसन्ड’ याचं ‘तिचे डोळे चमकले’ असं भाषांतर मी अनेक छापील पानांवर पाहिलंय, आणि दर वेळी अर्थ उलटा झालाय. वाचणाऱ्याला ती खूश झाली किंवा तिला काही सुचलं असं वाटतं. मराठीत त्या क्षणी डोळे पाणावतात, किंवा डोळ्यांत पाणी तरळतं. घामाने ग्लिसन झालेल्या कपाळावर घाम डवरतो. रश्श्यावर तवंग येतो. पानावर दव साचलेलं असतं. बघा, यातल्या एकाही ठिकाणी चमकण्याचं क्रियापद नाही. इंग्रजी उजेड सांगतं आणि ओलावा आपण ओळखायचा, मराठी ओलावा सांगतं आणि उजेड आपण ओळखायचा. तरळणे तर इतकं नेमकं आहे की मला ते इंग्रजीत नेताना उलट कष्ट पडतात.

याचा अर्थ चमक कधीच लिहायची नाही असा नव्हे. प्रसंग उजेडाचाच असेल, कोणी रात्री घाटातून गाडी चालवतंय आणि समोर फक्त रस्त्याची ओली चमक आहे, तर ‘ओला रस्ता दिव्यांत चकाकत होता’ असं दोन्ही सांगावं लागतं. एक ‘ओला’ जोडला की काम भागतं. ‘ओलसर चमकत होता’ वगैरे क्रियाविशेषणांची मोट बांधू नका, मराठी वाक्याला ती झेपत नाही. आणि कोणी सांगितलं की ग्लिसनसाठी ‘चकचकणे’ चालेल, तर चकचकीत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घासलेली भांडी आणि नवी गाडी येते, हे त्यांना सांगा.

तुमच्यासाठी व्यावहारिक उपाय एकच. मराठी अर्थ देणाऱ्या कोशाऐवजी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा आणि त्यात अर्थाआधी उदाहरणांची वाक्यं वाचा. कर्ता कोण आहे ते बघा, ‘विथ’च्या पुढे काय आहे ते बघा. ग्लिसनच्या उदाहरणांत घाम, अश्रू, पाऊस आणि तेल पुन्हा पुन्हा भेटतील. ग्लिटरच्या उदाहरणांत दागिने, नाणी, दिवे. व्याख्या वाचून जे कळत नाही ते असं शेजार बघून कळतं.

जाता जाता उच्चार. ग्लिसनमधला टी मुका असतो, ‘लिसन’ आणि ‘कासल’मधल्यासारखाच. गोव्यात ‘ग्लिस्टन’ सर्रास ऐकू येतं आणि पाहुण्यांना ते समजतंही, पण शिक्षिकेसमोर तिन्ही वाक्यं पुन्हा वाचून दाखवणार असाल तर टी गिळा. ग्लिटरमधला मात्र गिळू नका.